धामापूरच्या उतारावर वाजवलेली घंटी

मी सायकलवरून मालवणला जाऊन आलो हे कळल्यापासून शाळेतले सहकारी मला एकच गोष्ट विचारतात, "किल्ला पाहिलात का?" किल्ला पाहिला. समुद्र पाहिला, नारळाची बनं पाहिली, मासे खाल्ले. पण त्या प्रवासाचं नाव निघालं की माझ्या डोळ्यांपुढे यातलं काहीच येत नाही. धामापूरच्या तळ्याकडून चौक्याला जाणारा एक तांबडा उतार येतो. ज्यांना त्या बाजूला सायकलनं जायचं असेल त्यांनी हे वाचावं. ज्यांना जायचं नसेल पण रोज बाजारात सायकल घेऊन फिरायचं असेल, त्यांनीही वाचावं.

फोंडा घाट

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीची नाताळची सुटी. मी सांगलीच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवतो. वय सव्वीस, लग्न नुकतंच ठरलेलं, आणि त्याआधी एकदा एकट्यानं समुद्र पाहून यावा असं डोक्यात घेतलेलं. निघण्यापूर्वी सायकल मिस्त्रीकडे दिली. त्यानं चेन, फ्रीव्हील, चाकांतल्या गोळ्या, सगळं काढून, धुऊन, ग्रीस भरून दिलं आणि म्हणाला, "मास्तर, आता मांजरासारखी चालंल बघा. कुणाला पत्ता लागायचा न्हाई." मला त्याचं फार कौतुक वाटलं.

कोल्हापूर, राधानगरी करत दुसऱ्या दिवशी दुपारी घाटाच्या तोंडाशी आलो. आम्हा देशावरच्या माणसांना घाटाची सवय नसते. आमच्याकडे काळ्या रानातून रस्ता सरळ जातो आणि समोरून येणारं माणूस मैलभर आधी दिसतं. इथे पन्नास पावलांपलीकडे काय आहे ते कळत नव्हतं. डाव्या हाताला जंगल, उजव्या हाताला दरी, आणि दरीत खाली झाडांचे शेंडे. दोन्ही ब्रेक दाबून दाबून मनगटं दुखायला लागली. मागच्या ब्रेकचा रबर झिजून त्यातून करपल्यासारखा वास येत होता.

एका वळणावर माझ्या अगदी पाठीशी भोंगा वाजला. लॉरी होती. इंजिन बंद करून उतारावरून आली असावी, कारण भोंग्याआधी मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी डावीकडे व्हायच्या ऐवजी उजवीकडे गेलो. का गेलो ते आजही सांगता येत नाही. पुढचं चाक कडेच्या खडीत घसरलं आणि मी दरीच्या कठड्याच्या दगडाला धरून थांबलो. लॉरी निघून गेली. ड्रायव्हरनं बाहेर डोकं काढून मला शिवी हासडली. मी त्या दगडावर बराच वेळ बसलो. किती आडदांड माणूस, असं मनाशी म्हणत होतो. मागून येणाऱ्यानं आधी कळवायला नको का?

दोन दिवसांनी मी नेमकं तेच केलं.

कणकवली, कसाल, कट्टा

कणकवलीला एका खाणावळीत उतरलो. ताटात भाकरी नव्हती. उकड्या तांदळाचा जाड, तांबूस भात, बांगड्याचं तिखट आणि वाटीभर सोलकढी. पहिला घास चमत्कारिक लागला, तिसऱ्या घासापासून मला हात आवरेना. खाणावळवाल्यानं चौकशी केली, कुठून आलात, कुठे जाणार. मालवण म्हटल्यावर तो म्हणाला, "कसालसून मातीचो रस्तो आसा. माणसा चलत असतत. दमान जावा."

कसालला मोठा रस्ता सोडला आणि तांबडी धूळ सुरू झाली. पीठ पसरावं तशी मऊ. चाक त्यात दोन बोटं रुतायचं आणि कसलाही आवाज व्हायचा नाही. दोन्ही बाजूंना कमरेइतके गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांच्या भिंती, वर काजूची झाडं, आणि रस्ता सतत वळतोय. मोटार क्वचित. दिवसातून एक-दोनदा एस.टी. जायची तेवढीच. बाकी सगळे पायी.

हे पायी जाणारे माझ्यामुळे दचकत होते. मी जवळ जाऊन घंटी मारायचो आणि माणूस उडालाच म्हणून समजा. कट्ट्याच्या अलीकडे डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक गृहस्थ घंटी ऐकून सरळ चरात उतरला आणि तिथून ओरडला, "मेल्या, भूत काय रे तू?" मला हसू आलं. खरंच सांगतो, मी हसत हसत पुढे गेलो. आमच्या सांगलीच्या बाजारात सगळेच घंट्या वाजवतात आणि लांबून वाजवलेल्या घंटीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून पाठीला चाक लागायच्या बेतात आलं की वाजवायची, हीच आमची रीत.

धामापूर

चौक्याहून वाट वाकडी करून तळं पाहायला गेलो. गर्द झाडीत ते एकदम पुढ्यात येतं. पाणी काळपट हिरवं आणि इतकं स्तब्ध की बघता बघता मला अस्वस्थ वाटू लागलं. काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या. देवळात दोघीच होत्या. एक पन्नाशीची बाई देवीची ओटी भरत होती. तिची मुलगी खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती. गरोदर होती, दिवस बरेच भरत आलेले दिसत होते. आई मधूनमधून हाक मारायची, "सुमन, खाली उतरू नको गो." आणि ती मान न वळवता म्हणायची, "नाय गे."

त्या निघून गेल्या. मी वहीत देवळाचं एक रेखाटन केलं आणि अर्ध्या तासानं निघालो.

थोडा चढ चढलो की पुढे उतार लागतो. उताराच्या मध्यावर मला त्या दोघी पाठमोऱ्या दिसल्या. रस्त्याच्या मधून चालत होत्या, आईच्या हातात परडी. सायकल वेगात होती. मागचा ब्रेक घाटात गेलेलाच होता. ओरडावं असं मनात आलं नाही, हे मला लिहायलाच हवं. अनोळखी बायकांना मागून हाक काय मारायची, हा संकोच असेल. मी घंटीवर अंगठा ठेवून थांबलो, आणि त्या चार-पाच हातांवर आल्यावर घंटी वाजवली.

आई किंचाळली आणि डावीकडे झाली. सुमन उजवीकडे. तिथेच त्या राहिल्या असत्या तर मी मधून निघून गेलो असतो. पण आईनं लेकीकडे हात केला आणि लेक आईकडे धावली, बरोबर माझ्या चाकापुढे. मी हँडल फिरवलं. त्याचं टोक तिच्या दंडाला लागलं. मी गडग्यावर आदळलो, आणि मागे वळून पाहिलं तर ती रस्त्यात कुशीवर पडलेली. परडीतला नारळ उतारावरून गडगडत चालला होता.

"गो सुमन! लागला काय गो? उठू नको, उठू नको!"

"माका काय झाला नाय गे आये," ती म्हणाली. आवाज शांत होता. मग तिनं पोटावर हात ठेवला.

आई माझ्याकडे वळली. "लांबसून साद घालूक काय झाला तुका? जीभ नाय तुका?"

मला खरंच जीभ नव्हती. गुडघ्यातून रक्त वाहत होतं, ते मला नंतर दिसलं.

सुमनच्या माहेरी

घर फर्लांगभरावरच होतं. सुमनला आईच्या खांद्यावर हात टाकून चालवत नेलं. मी मागून वाकडं झालेलं चाक उचलून सायकल ओढत होतो. तिचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, अंगणात सुपारी सोलत बसले होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सुईणीला आणायला निघून गेले.

शेजारची चार माणसं जमली. त्यांतला एक दांडगा इसम माझ्या सायकलला हात घालून म्हणाला, "ह्येका सोडू नको. सायकल आत घे." दुसरा म्हणाला, "आदी चेडवाचा काय ता बगू, मगे ह्येका बगू." चेडू म्हणजे लेक. मी खळ्यात, म्हणजे त्यांच्या सारवलेल्या अंगणात, उभा होतो. बस असं कुणी म्हणालं नाही.

सुईण म्हातारी होती, पण पाय उचलून आली. दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येत होतं.

"पोटार पडलंस काय कुशीर?"

"कुशीर."

"पोर कधी हालला?"

"देवळात बसलंय तेवा. मगे नाय."

मग सुईण म्हणाली, "डाव्या कुशीर निज. आता वाट बगूची. दुसरा काय नाय."

दुपारचे दोन वाजले असतील. मी डॉक्टरला आणायला जातो म्हणालो. कशानं जाणार? चाकाचं आठ झालं होतं. शेजाऱ्यांपैकी एकजण चौक्याला गेला, तिथून मालवणच्या डॉक्टरला निरोप धाडायचा म्हणून. निरोप कधी पोचणार, डॉक्टर कधी येणार, याचा काही नेम नव्हता.

तात्या माझ्याजवळ आले. "झिला, रगात धू जा. बावीर पाणी आसा."

मी घरामागच्या विहिरीवर गेलो. विहिरीला लागून गडगा आणि गडग्यात पलीकडे उतरायला दगडाच्या दोन पायऱ्या. पलीकडे पायवाट काजूत शिरत होती. तिथे कुणी नव्हतं. मला वाटलं, सायकल राहू दे. कपडे राहू देत. चालत जावं, एस.टी. गाठावी, उद्या कोल्हापूर. माझं नाव इथे कुणी विचारलेलंसुद्धा नाही. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मागून सुमनची आई आली. रिकामा हंडा घेऊन. "खंय चललंस?"

"कुठे नाही," मी म्हणालो.

तिनं पायरीकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं. हंडा भरून घेऊन गेली. मी तिच्या मागोमाग अंगणात परत आलो. मी प्रामाणिक आहे म्हणून आलो असं मला म्हणता येणार नाही. त्या बाईनं पाहिलं म्हणून आलो.

तात्यांनी मला पडवीच्या कडेला बसवलं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "घंटी खंयसर मारलंस?"

"अगदी मागे आल्यावर."

"कित्या?"

"आमच्याकडे लांबून वाजवली तर कुणी लक्ष देत नाही."

त्यांनी एक सुपारी हातात घेतली. मग त्यांनी सांगितलं. आत लेक पडलेली असताना माणसाला काहीतरी बोलत राहावंसं वाटतं, तसं सांगितलं.

"मी बावीस वर्सां टपालाची थैली घेवन धावलंय. हातात काठी, काठयेक घुंगरा. लोक म्हणत, घुंगरा वाघाक भियवक. वाघ खंयचो! घुंगरा माणसांसाठी. लांबसून बारीक आवाज, मगे वाढत वाढत जवळ. माणूस वळान बगी, बाजूक होय, मगे मी फुडे जाय. बावीस वर्सांत एक माणूस माज्यामुळे दचकाक नाय."

मी खाली मान घालून ऐकत होतो.

"आवाज वाढत येवक व्हयो. आंगार पडूक नको. मागसून येता तेका तोंड नसता, म्हणान भय. तोंड दाखवूक गावणा नाय, तर आवाज तरी येळार दाखवचो."

ऊन अंगणातून सरकत तुळशीपर्यंत गेलं. दांडगा शेजारी फाटकाशी बसून होता. आतून कधी पाण्याच्या भांड्याचा आवाज यायचा, कधी सुईणीचा प्रश्न, "हालला?" आणि दर वेळी तेच उत्तर. "नाय." पाचव्या का सहाव्या वेळी सुमनचा आवाज बदलला. ती रडत होती. तात्यांच्या हातातली सुपारी खाली पडली आणि त्यांनी ती उचलली नाही. मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर मला एकही स्तोत्र आठवेना. मी नुसते आकडे मोजत होतो. शंभरपर्यंत मोजलं की हलेल. पुन्हा शंभर. पुन्हा शंभर. जे मूल मी पाहिलं नव्हतं, ते मेलं असेल आणि ते मारणारा मी, एवढंच डोक्यात होतं. घरी ठरलेलं लग्न, ते पत्रिकेचे मसुदे, ते सगळं दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं वाटत होतं.

सूर्य काजूच्या मागे गेला. सुमनच्या आईनं तुळशीपुढे दिवा लावायला वात घेतली होती. तेवढ्यात आतून हाक आली.

"आये!"

ती बाई वात टाकून धावली.

"हालला गे. हालला!"

"हात लावन बग," सुईण म्हणत होती, "हय बग. पाय मारता."

तात्या उठले आणि अंगण ओलांडून गोठ्यात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. फाटकाशी बसलेला शेजारी आला, माझी सायकल उलटी केली, आणि पुढचं चाक गुडघ्याखाली दाबून सरळ करायला लागला.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. नळी लावून ऐकलं, ठोके ठीक आहेत म्हणाले, पण प्रसूती होईपर्यंत काही सांगता येत नाही असंही म्हणाले. ते शेवटचं वाक्य त्यांनी अंगणात माझ्यादेखत सांगितलं.

मालवण

निघताना सुमनच्या आईनं मला पेज वाढली, पण माझ्याशी बोलली नाही. तात्या रस्त्यापर्यंत आले, तेव्हा मी त्यांना माझ्या शाळेचा पत्ता लिहून दिला. "वरड," म्हणाले. "लाजू नको."

"काय ओरडू?"

"सायकल इली म्हण. खंयच्या बाजून जातंस ता सांग. बगल्याशिवाय फुडे जाव नको."

पहिल्या माणसामागे माझ्या घशातून आवाजच फुटेना. मी उतरलो आणि सायकल हातात धरून त्याच्या मागून चालत राहिलो, तो आपल्या पाणंदीत वळेपर्यंत. दुसऱ्या वेळी ओरडलो ते इतकं चिरकं ओरडलो की पुढची पोरं हसायला लागली. पण त्यांनी वळून पाहिलं. हसत हसत बाजूला झाली. पुढे मी लांबूनच साद घालायला लागलो, "सायकल येतेय हो, उजवीकडून!" आणि उत्तरं येऊ लागली. "येवंदे!" "खंय चललंस?" एका म्हाताऱ्यानं मात्र वळून पाहिलंच नाही. मी जवळ गेलो, पुन्हा ओरडलो, तरी नाही. कानांनी अधू होता. घंटीनंही त्याला काही कळलं नसतं, सादेनंही नाही. मी उतरून लांबून वळसा घेतला, त्याच्या पुढे गेलो, त्याला माझं तोंड दिसू दिलं, आणि मगच सायकलवर बसलो.

मालवणला दोन दिवस होतो. होडीनं किल्ल्यावर गेलो. बंदरावर कोळणी पाटीत मासे मांडून बसल्या होत्या, त्यांचं भांडण आणि हसणं एकाच सुरातलं. सुरमईची तळलेली तुकडी खाल्ली, ती चवदार होती असं वहीत लिहून ठेवलं आहे. मला चव आठवत नाही. किल्ल्याच्या तटावर लाटा आपटत होत्या, आणि दोन लाटांमधल्या शांततेत मी, हलेल का, पुन्हा हलेल का, असा थांबत होतो.

परतताना

दुसऱ्या वाटेनं जाता आलं असतं. गेलो नाही. त्या घराच्या फाटकाशी थांबलो. सुमन पडवीत तांदूळ निवडत बसली होती. सातवीपर्यंत शिकलेली, माझ्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होती.

"मास्तर, वळणापासून तुमचा आवाज आला. आये म्हणाली, इलो तो."

"कसं आहे?" मी विचारलं. दुसरं काही विचारताच आलं नाही.

"हालतो." मग ती थोडी थांबली. "पण मधे थांबला ना, की मी सूप खाली ठेवते. हालेपर्यंत श्वास घेववत नाही. आधी असं नव्हतं."

तिनं रागानं सांगितलं नाही. मला माफी मागायची होती, ती मी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. आतून तिची आई आली आणि माझ्या हातात एक नारळ ठेवला. "वाटेत फोड," एवढंच म्हणाली.

सांगलीला आल्यावर दीड महिना मी पोस्टमनची वाट बघत होतो. अखेर तात्यांचं कार्ड आलं. सुमन मोकळी झाली, मुलगा, दोघं बरी. मी त्याच दिवशी उलट टपाली विचारलं: हात हलवतो का, पाय हलवतो का, ऐकू येतं का? माझ्या होणाऱ्या बायकोनं ते माझं कार्ड वाचलं असतं तर तिला मी वेडा वाटलो असतो.

उत्तर आलं ते सुमनच्या अक्षरात. "पाय मारतो, रडतो, दूध पितो. पाळण्यामागून कोणी बोलले की मात्र दचकतो. सुईण म्हणते, सगळीच पोरे दचकतात. तुम्ही उगीच घोर लावून घेऊ नका."

सगळीच पोरं दचकतात का, हे मी आजवर चार आयांना विचारलं आहे. चौघींनीही होच म्हटलं. पाचवीला विचारायचा धीर मात्र मला अजून झालेला नाही.